डेटाबेसवरील देखरेख : साधनाचा आरंभ आणि प्रवेश

डेटाबेसवर देखरेख ठेवणारे साधन सुरू करणे आणि त्यात लॉगिन करणे, या दोन क्रियांना माहितीपुस्तिकांत सहसा अर्ध्या पानापेक्षा अधिक जागा मिळत नाही. अमुक आज्ञा द्यावी, ब्राउझरमध्ये अमुक पोर्टचा पत्ता उघडावा, नाव आणि पासवर्ड भरावा, म्हणजे आलेख दिसू लागतील, एवढे सांगून पुस्तिका आलेखांच्या अर्थाकडे वळते. प्रत्यक्षात देखरेख ऐनवेळी दगा देते तेव्हा त्याचे मूळ पुष्कळदा या अर्ध्या पानातच सापडते. साधन चालू असते, पण डेटाबेसपर्यंत पोचलेले नसते. किंवा पोचलेले असते, पण आतले पाहण्याचा अधिकार त्याला कोणी दिलेला नसतो. किंवा अधिकारही असतो, परंतु ज्या दिवशी त्याची खरी गरज पडते त्याच दिवशी त्याला आत शिरायला जागा उरलेली नसते. म्हणून प्रस्तुत विवेचन त्या अर्ध्या पानापुरतेच ठेवले आहे आणि आलेखांचे वाचन हा विषय पुढील प्रकरणांवर सोपवला आहे.

डेटाबेस म्हणजे माहिती साठवण्याची जागा, ही रूढ समजूत या विषयाच्या अभ्यासाला पुरी पडत नाही. चालू अवस्थेतला डेटाबेस हा सर्व्हरवर अखंड काम करणाऱ्या प्रक्रियांचा समूह असतो आणि सोपवलेल्या माहितीबरोबरच तो स्वतःच्या कारभाराचीही नोंद ठेवत असतो. या घटकेला किती कनेक्शन उघडी आहेत, प्रत्येकावर कोणती क्वेरी, म्हणजे डेटाबेसला विचारलेला कोणता प्रश्न, चालू आहे, कोणता व्यवहार दुसऱ्याने धरून ठेवलेल्या लॉकपायी खोळंबला आहे, मागितलेल्या माहितीपैकी किती मेमरीत मिळाली आणि किती डिस्कवरून आणावी लागली, हे सारे त्याला ठाऊक असते आणि अधिकार असणाऱ्याने विचारले तर तो ते तक्त्यांच्या रूपात दाखवतो. ओरॅकलमधील व्ही-डॉलर व्ह्यू, मायएसक्यूएलमधील परफॉर्मन्स स्कीमा, एसक्यूएल सर्व्हरमध्ये २००५ च्या आवृत्तीपासून आलेले डायनॅमिक मॅनेजमेंट व्ह्यू आणि पोस्टग्रेएसक्यूएलमधील 'पीजी-स्टॅट' या उपसर्गाचे व्ह्यू, हे सगळे याच जातीचे तक्ते होत. त्यांची मर्यादा अशी की ते बहुतांशी या क्षणाचे चित्र किंवा आरंभापासूनची बेरीज दाखवतात. काल दुपारी तीन वाजता काय चालले होते, याचे उत्तर त्यांत नसते. ठराविक अंतराने हे तक्ते वाचणे, वाचलेले आकडे वेळेच्या शिक्क्यासह साठवणे, त्यांचे आलेख काढणे आणि आकडा मर्यादेबाहेर गेल्यास जबाबदार माणसाला सावध करणे, हे देखरेख साधनाचे काम आहे.

या व्याख्येतून एक गोष्ट आपोआप निघते आणि तिच्यावरच पुढचे सारे विवेचन उभे आहे. तक्ते वाचायचे तर साधनाला डेटाबेसमध्ये लॉगिन करावेच लागते. बँकेचे ॲप्लिकेशन किंवा रेल्वेची आरक्षणप्रणाली ज्या दाराने आत जाते, त्याच दाराने साधनही आत जाते, आणि इतर कोणत्याही ग्राहकाइतकेच ते पासवर्ड, परवानगी आणि मोकळी जागा यांच्या अधीन असते. म्हणजे येथे लॉगिन दोन आहेत. एक माणसाचे, साधनाच्या पडद्यावर होणारे; दुसरे साधनाचे, डेटाबेसमध्ये होणारे, जे कोणालाच दिसत नाही. पहिले अडले तर माणूस लगेच तक्रार करतो, दुसरे अडले तर आलेखाची रेघ नुसती थांबते, आणि पडद्याकडे कोणी पाहत नसेल तर तेही लक्षात येत नाही. या दोहोंपैकी महत्त्वाचे दुसरे आहे, असे या प्रस्तावनेचे प्रतिपादन आहे.

आरंभाच्या प्रश्नाला इतिहासाची थोडी पार्श्वभूमी आवश्यक आहे, कारण साधन कोठे राहते यावर ते कसे सुरू होते हे ठरते. ओरॅकलने २००३ साली जाहीर केलेल्या १०जी आवृत्तीबरोबर ब्राउझरमधून चालणारे 'डेटाबेस कंट्रोल' दिले. ते डेटाबेसच्याच यंत्रावर, पण डेटाबेसपासून वेगळ्या प्रक्रियेत चालत असे. ते 'ईएमसीटीएल' या आज्ञेने स्वतंत्रपणे सुरू करावे लागे आणि पुढे बराच काळ ते १,१५८ क्रमांकाच्या पोर्टवर उघडत असे. या वेगळेपणाचा लाभ असा की डेटाबेस बंद असला तरी त्याचे पान उघडे, यंत्राच्या ऑपरेटिंग सिस्टिमचे नाव-पासवर्ड मागे आणि बंद डेटाबेस तेथूनच सुरू करू देई. १२सी आवृत्तीत ही व्यवस्था मोडीत काढून 'एंटरप्राइझ मॅनेजर एक्सप्रेस' आणण्यात आले, जे डेटाबेसच्याच पोटात राहत असल्याने वेगळे सुरू करावे लागत नसे. पोर्ट, साधारणपणे ५,५००, ठरवून दिला आणि कनेक्शन स्वीकारणारी लिसनर ही प्रक्रिया चालू असली की पुरे. सोय वाढली खरी, परंतु डेटाबेस पडला की हे साधनही त्याच्याबरोबर पडे, आणि देखरेख साधनाकडून नेमक्या त्याच घटकेला काही अपेक्षा असते. लहान कार्यालयातील एकुलत्या एका डेटाबेसला ही तडजोड चालून जाते. मोठ्या संस्थेला चालत नाही.

मोठ्या संस्थांसाठी ओरॅकलचेच 'क्लाउड कंट्रोल' हे साधन आहे आणि त्याचा आरंभक्रम या विषयाचा चांगला धडा ठरतो. त्याचा मध्यवर्ती सर्व्हर स्वतःची सारी माहिती एका वेगळ्या ओरॅकल डेटाबेसमध्ये ठेवतो, ज्याला रिपॉझिटरी म्हणतात. त्यामुळे आधी रिपॉझिटरीचा डेटाबेस आणि त्याची लिसनर, मग मध्यवर्ती सर्व्हर, आणि त्यानंतर प्रत्येक यंत्रावरचा एजंट, असा क्रम पाळावा लागतो. बंद करताना तो उलटा. शेकडो डेटाबेसवर नजर ठेवणारे हे साधन स्वतः एका डेटाबेसच्या जिवावर जगते, आणि तो डेटाबेस कोण पाहणार हा प्रश्न प्रत्येक संस्थेला केव्हा ना केव्हा पडतोच.

प्रस्तुत विवेचनासाठी मुख्य उदाहरण म्हणून पोस्टग्रेएसक्यूएल, प्रोमिथियस आणि ग्राफाना हे त्रिकूट निवडले आहे. तिन्ही विनामूल्य मिळतात हे एक कारण. पण अधिक महत्त्वाचे असे की त्यांत साखळीची प्रत्येक कडी सुटी असल्याने ती हाताळून पाहता येते. पोस्टग्रेएसक्यूएलचे मूळ मायकेल स्टोनब्रेकर यांनी बर्कले येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात १९८६ साली सुरू केलेल्या पोस्टग्रेस प्रकल्पात आहे. प्रोमिथियसची सुरुवात २०१२ मध्ये साउंडक्लाउड या संगीतसेवेच्या कंपनीत झाली आणि २०१६ मध्ये तो क्लाउड नेटिव्ह कम्प्युटिंग फाउंडेशनकडे, कुबरनेटीसनंतरचा दुसरा प्रकल्प म्हणून, सोपवला गेला. ग्राफाना हे टॉर्केल ओडेगार्ड यांनी सुरू केलेले आलेख-साधन २०१४ पासून उपलब्ध आहे.

या व्यवस्थेत कामाची वाटणी पुढीलप्रमाणे असते. डेटाबेस ५,४३२ क्रमांकाच्या पोर्टवर ऐकत असतो. त्याच्याजवळ 'पोस्टग्रेस एक्स्पोर्टर' नावाचा एक छोटा प्रोग्रॅम चालतो, जो डेटाबेसमध्ये लॉगिन करून आकडे वाचतो आणि ९,१८७ पोर्टवर साध्या मजकुराच्या रूपात मांडून ठेवतो. प्रोमिथियस ठराविक अंतराने त्या पोर्टवर जाऊन आकडे उचलून आणतो. या उचलण्याला 'स्क्रेप' म्हणतात आणि त्याचे अंतर, वेगळे सांगितले नाही तर, एक मिनिट असते. आणलेले आकडे तो आपल्याजवळ १५ दिवस ठेवतो. ग्राफाना ३,००० पोर्टवर उघडतो, प्रोमिथियसला प्रश्न विचारतो आणि उत्तरांचे आलेख काढतो. माणूस लॉगिन करतो ते केवळ या शेवटच्या कडीत. तिच्यापासून डेटाबेसपर्यंत मध्ये आणखी दोन कड्या असतात, ज्यांचे बरेवाईट त्याच्या लॉगिनवर अवलंबून नसते.

लिनक्सवर या सेवा सुरू करण्याचे काम सध्या बहुतेक ठिकाणी 'सिस्टिमडी' या व्यवस्थापकाकडे असते आणि तेथे नवशिक्यांचा एक हमखास घोटाळा होतो. त्याच्या 'स्टार्ट' या आज्ञेने सेवा आत्ता सुरू होते, पण यंत्र पुन्हा चालू झाल्यावर ती आपणहून उठावी यासाठी 'एनेबल' ही वेगळी आज्ञा द्यावी लागते. पहिली देऊन दुसरी विसरली तरी त्या दिवशी काहीच बिघडत नाही. महिन्या-दोन महिन्यांनी सुरक्षा-दुरुस्तीसाठी यंत्र रात्री बंद करून सुरू केले जाते, डेटाबेस उठतो, ॲप्लिकेशन उठते, ग्राहकांचे व्यवहार सुरळीत चालू होतात आणि एक्स्पोर्टर मात्र निजलेलाच राहतो. साधन बसवल्यावर यंत्र एकदा मुद्दाम बंद करून पुन्हा सुरू करावे आणि प्रत्येक कडी आपली आपण उठते की नाही हे पाहावे, हा जुन्याजाणत्या प्रशासकांचा दंडक आहे. तो पाळल्याशिवाय आरंभ पूर्ण झाला असे मानू नये.

आता साधनाच्या लॉगिनचा प्रश्न. पोस्टग्रेएसक्यूएलमध्ये वापरकर्त्याला 'रोल' म्हणतात आणि देखरेखीसाठी एक स्वतंत्र रोल निर्माण करणे ही पहिली पायरी होय. या रोलला किती अधिकार द्यावेत, याविषयी अजूनही बेफिकिरी दिसते, आणि तिचे रूप सहसा एकच असते : काही दिसत नाही, म्हणून सुपरयुजरचा, म्हणजे सर्वाधिकाराचा, शिक्का मारून मोकळे होणे. एके काळी या बेफिकिरीला थोडे कारण होते. साध्या रोलने 'पीजी-स्टॅट-ॲक्टिव्हिटी' हा चालू कनेक्शनांचा व्ह्यू वाचला तर ओळी सगळ्या दिसतात, परंतु दुसऱ्यांच्या क्वेरीच्या रकान्यात मजकुराऐवजी 'पुरेसा अधिकार नाही' अशा अर्थाचे दोन इंग्रजी शब्द उभे राहतात. म्हणजे पन्नास कनेक्शन अडली आहेत हे कळते, पण कशापायी अडली ते कळत नाही. २०१७ च्या १० व्या आवृत्तीत 'पीजी-मॉनिटर' हा तयार रोल आला आणि ही अडचण संपली. सगळ्यांची आकडेवारी व सर्व्हरच्या सगळ्या मांडण्या वाचण्याचा अधिकार त्यात आहे. ग्राहकांच्या तक्त्यांतील माहिती वाचण्याचा किंवा काही बदलण्याचा नाही. देखरेखीच्या रोलला याचे सदस्यत्व दिले की काम भागते, आणि त्यानंतरही सुपरयुजर देणाऱ्याच्या बाजूने मांडण्यासारखा युक्तिवाद उरत नाही.

अधिकार मिळाले तरी दार उघडेलच असे नाही, कारण दारावर 'पीजी-एचबीए' ही फाइल असते. कोणत्या पत्त्यावरून, कोणत्या रोलने, कोणत्या डेटाबेसमध्ये, कोणत्या पद्धतीने यावे, हे तिच्यात ओळीओळीने लिहिलेले असते. ती वरून खाली वाचली जाते आणि पहिली जुळणारी ओळ अखेरचा निर्णय देते. त्या ओळीने नाकारले तर खालची उदार ओळ कोणी वाचत नाही. त्यामुळे नवी ओळ फाइलच्या तळाशी जोडून 'सगळे बरोबर लिहिले तरी चालत नाही' असे म्हणणाऱ्याने आधी वरच्या ओळी पाहाव्यात. या फाइलमधला बदल सर्व्हर बंद न करता लागू करता येतो. सर्व्हरने कोणत्या पत्त्यांवर ऐकावे ही मांडणी मात्र वेगळी आहे. ती मुळात स्वतःच्या यंत्रापुरतीच असते आणि बदलली तर सर्व्हर पुन्हा सुरू करावा लागतो. क्वेरीनिहाय आकडेवारी देणाऱ्या 'पीजी-स्टॅट-स्टेटमेंट्स' या जोडणीचेही तसेच : ती सर्व्हरच्या आरंभीच मेमरीत चढवावी लागते. चालू उत्पादन-सर्व्हर पुन्हा सुरू करायला परवानगी मिळवणे हे काम तांत्रिक कमी आणि कार्यालयीन अधिक असते, म्हणून या दोन गोष्टी डेटाबेस उभारतानाच उरकून घेणे शहाणपणाचे.

पासवर्डची एक खोड येथे तपशिलाने सांगणे भाग आहे, कारण तिने भल्याभल्यांना चकवले आहे. डेटाबेस पासवर्ड तपासतो तो फक्त कनेक्शन जोडताना. एखाद्याने आज देखरेखीच्या रोलचा पासवर्ड बदलला आणि साधनाच्या फाइलमध्ये नवा लिहायला विसरला, तरी ज्या साधनाने आपले कनेक्शन उघडे ठेवले आहे त्याचे काम जुन्या ओळखीवर निर्वेध चालू राहते. ते कनेक्शन तुटते, मग यंत्र पुन्हा सुरू झाल्याने असो वा नेटवर्कच्या एखाद्या हिसक्याने, तेव्हा लॉगिन नाकारले जाते, आणि तोवर पासवर्ड कधीकाळी बदलला होता हे सगळे विसरलेले असतात. रोलला मुदत घातली असेल तरी हेच घडते, कारण पोस्टग्रेएसक्यूएलमधील मुदत पासवर्डला लागू होते, उघड्या कनेक्शनला नाही. त्यातच सर्व्हर बाहेरच्याला खरे कारण सांगत नाही. पासवर्ड चुकला, मुदत संपली किंवा त्या नावाचा रोलच नाही, या तिन्ही परिस्थितींत उत्तर एकच मिळते की पासवर्डची पडताळणी झाली नाही. घुसखोराला माहिती मिळू नये म्हणून हे योग्यच आहे. खरे कारण सर्व्हरच्या लॉगमध्ये लिहिलेले असते आणि लॉगिनचा तिढा सोडवणाऱ्याने सर्वप्रथम तोच उघडावा.

साधनाचे लॉगिन झाले की नाही हे ओळखण्याची प्रोमिथियसच्या व्यवस्थेतील युक्ती फार सुबक आहे. प्रत्येक स्क्रेपनंतर प्रोमिथियस 'अप' नावाचा आकडा नोंदवतो : एक्स्पोर्टरने उत्तर दिले तर १, नाहीतर ०. एक्स्पोर्टरही स्वतःचा 'पीजी-अप' हा आकडा देतो : डेटाबेसशी बोलणे झाले तर १, नाहीतर ०. दोन्ही १ असतील तर साखळी अखंड आहे. पहिला ० असेल तर एक्स्पोर्टर बंद आहे किंवा त्याच्यापर्यंतचा रस्ता तुटला आहे, आणि डेटाबेसविषयी काहीच बोलता येत नाही. पहिला १ आणि दुसरा ० असेल तर पहारेकरी जागा आहे, पण आत शिरू शकत नाही. ही तिसरी स्थिती सर्वांत फसवी, कारण वरवर पाहता सेवा चालू असते आणि सिस्टिमडीही तसेच सांगतो. सावधगिरीचा इशारा केवळ 'अप'वर बांधून 'पीजी-अप'कडे दुर्लक्ष करणारी मांडणी निरुपयोगी समजावी.

मौन म्हणजे कुशल, असे धरून चालणे किती महाग पडते याचे पोस्टग्रेएसक्यूएलच्याच जगातले उदाहरण नोंदलेले आहे. ३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब या कंपनीच्या एका अभियंत्याने रात्रीच्या धावपळीत चुकीच्या सर्व्हरवरचा डेटा पुसला. बॅकअपकडे धाव घेतली तेव्हा कळले की बॅकअपचे काम आवृत्तीतील विसंगतीमुळे निष्फळ होत होते, आणि त्याचा इशारा देणारे ईमेल, आवश्यक सही नसल्याने, स्वीकारणारा सर्व्हर नाकारत होता. सुमारे सहा तासांची माहिती कायमची गेली. कंपनीने हे सारे स्वतःच जाहीरपणे मांडले, हे तिच्या श्रेयाला धरून सांगायला हवे.

या विषयातील सर्वांत कठीण प्रश्न आता समोर येतो, तो जागेचा. पोस्टग्रेएसक्यूएल एका वेळी ठराविक संख्येइतकीच कनेक्शन स्वीकारतो. मूळ मांडणीत ती १०० असते आणि त्यांतली तीन सुपरयुजरसाठी राखीव असतात. समजा, एखादी क्वेरी तक्त्यावर लॉक धरून बसली आणि तिच्यामागे ॲप्लिकेशनच्या विनंत्या साचत गेल्या. बघता बघता ९७ जागा भरतात. त्यानंतर येणाऱ्या प्रत्येकाला सर्व्हर नकार देतो आणि त्या प्रत्येकात देखरेख साधनही आलेच, कारण नियमाप्रमाणे त्याला साधाच रोल दिलेला आहे. म्हणजे ज्या दहा मिनिटांचे चित्र हवे, त्या दहा मिनिटांत आलेख कोरा. 'म्हणूनच सुपरयुजर द्यायला हवा होता' असा विचार याच क्षणी मनात येतो. पण तसे केले तर तीन राखीव जागांतली एक साधनाने व्यापलेली असते आणि हाताने दुरुस्ती करायला येणाऱ्या प्रशासकाची वाट तेवढीच अरुंद होते.

डेटाबेस तयार करणाऱ्यांना या पेचाची जाणीव होती, हे प्रत्येकाने काढलेल्या वाटेवरून दिसते. मायएसक्यूएल मर्यादेपलीकडे एक अधिकचे कनेक्शन विशेषाधिकार असलेल्या खात्याला देतो. तो अधिकार देखरेख साधनाला बहाल केला तर ती एकमेव जागा साधनच पटकावते, म्हणून पुढे ८.०.१४ आवृत्तीत प्रशासनासाठी वेगळा पत्ता आणि ३३,०६२ हा वेगळा पोर्ट ठेवण्याची सोय आली. एसक्यूएल सर्व्हरने २००५ पासून प्रशासकासाठी समर्पित कनेक्शन ठेवले आहे, पण ते एका वेळी एकच. ओरॅकलमध्ये गोठलेल्या डेटाबेसला सत्र न उघडता केवळ मेमरीशी जोडून घेण्याची प्राथमिक वाट आहे. पोस्टग्रेएसक्यूएलने उत्तर द्यायला वेळ लावला, परंतु २०२३ च्या १६ व्या आवृत्तीत दिलेले उत्तर या सर्वांत नेटके म्हणावे लागेल : सुपरयुजरच्या जागांखेरीज आणखी काही जागा राखता येतात आणि त्या वापरण्याचा अधिकार एका तयार रोलमार्फत हव्या त्या खात्याला देता येतो. ही राखीव संख्या मुळात शून्य असते आणि ती बदलायला सर्व्हर पुन्हा सुरू करावा लागतो. म्हणजे ही तरतूद संकट येण्यापूर्वीच करायची आहे.

माणसाच्या लॉगिनविषयी तुलनेने थोडक्यात सांगता येईल. ग्राफानाचे पहिले लॉगिन 'ॲडमिन' हे नाव आणि 'ॲडमिन' हाच पासवर्ड वापरून होते आणि लगेच नवा पासवर्ड विचारला जातो. ही पायरी टाळता येते, पण ती टाळू नये. ओरॅकलच्या जुन्या आवृत्त्यांत 'डीबीएसएनएमपी' या देखरेखीच्या खात्याचा पासवर्ड खात्याच्या नावासारखाच असे आणि हे सगळ्या जगाला माहीत होते. प्रोमिथियसला तर २०२१ च्या २.२४ आवृत्तीपर्यंत स्वतःचा पासवर्डच नव्हता आणि आजही तो मुद्दाम लावावा लागतो. त्याचा ९,०९० पोर्ट उघडा सोडला तर ग्राफानाचे दार कितीही भक्कम असले तरी मागचे दार सताड उघडे राहते. ग्राफानातच डिसेंबर २०२१ मध्ये असा दोष सापडला होता की लॉगिन न करताही सर्व्हरवरच्या फाइल वाचता येत होत्या, ८.३.० पर्यंतच्या ८ मालिकेतील आवृत्त्यांत तो होता आणि दुरुस्ती तातडीने दिली गेली. केवळ आलेख दाखवणाऱ्या साधनाची एवढी काळजी कशाला, असे विचारणाऱ्याने 'पीजी-स्टॅट-ॲक्टिव्हिटी'तील क्वेरीचा मजकूर एकदा डोळ्यांखाली घालावा. त्यात पहिल्या १,०२४ बाइटपर्यंत क्वेरी जशीच्या तशी दिसते, आणि ॲप्लिकेशन लिहिणाऱ्याने मोबाइल क्रमांक किंवा खातेक्रमांक थेट मजकुरात गुंफला असेल तर तोही दिसतो. 'पीजी-स्टॅट-स्टेटमेंट्स' मात्र अशा किमती गाळून त्यांच्या जागी खुणा ठेवते, म्हणून कायमच्या डॅशबोर्डसाठी तीच वापरणे उचित. भारतात २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानंतर हा निव्वळ शिष्टाचाराचा मुद्दा राहिलेला नाही.

मोठ्या संस्थांत वेगळा पासवर्ड न ठेवता संस्थेच्या सामाईक लॉगिनने आत जाण्याची पद्धत असते. ती चांगली आहे, पण तिच्यात एक खाच आहे. ४ ऑक्टोबर २०२१ रोजी फेसबुकच्या सेवा सुमारे सहा तास बंद पडल्या, तेव्हा नावावरून पत्ता शोधणारी त्यांची डीएनएस व्यवस्थाच कोलमडल्यामुळे बिघाड शोधण्याची अंतर्गत साधनेही अभियंत्यांच्या हाती लागत नव्हती. सामाईक लॉगिनची सेवा ज्या डेटाबेसवर चालते, त्याच डेटाबेसचा आजार पाहायला त्याच लॉगिनमधून जावे लागत असेल, तर ही घटना लहान प्रमाणावर कोठेही घडू शकते. त्यासाठी ग्राफानात एक स्थानिक खाते ठेवून त्याचा पासवर्ड कुलपात ठेवावा आणि अधूनमधून तो चालतो का ते तपासावे.

राहता राहिले घड्याळ, ज्याचा संबंध लॉगिनशी नसावा असे वाटते. दुसऱ्या पायरीच्या पडताळणीत मोबाइलवर दर ३० सेकंदांनी बदलणारा अंकसमूह वेळेवरूनच काढलेला असतो, त्यामुळे सर्व्हरचे घड्याळ काही मिनिटांनी सरकले तर बरोबर अंकही नाकारले जातात. आत गेल्यावरही प्रश्न संपत नाही. प्रोमिथियस सारे आकडे जागतिक प्रमाणवेळेत साठवतो, ग्राफाना ते पाहणाऱ्याच्या ब्राउझरच्या वेळेत दाखवतो, आणि डेटाबेसचा लॉग तिसऱ्याच क्षेत्राच्या वेळेत असू शकतो. पुण्यात रात्रपाळीला बसून परदेशातील सर्व्हर सांभाळणाऱ्याला आलेखावरचा पहाटे २ वाजून १० मिनिटांचा उंचवटा, लॉग जागतिक प्रमाणवेळेत असेल तर, त्यात आदल्या दिवशी रात्री ८ वाजून ४० मिनिटांपाशी शोधावा लागतो, आणि साडेपाच तासांतला तो अर्धा तास घाईच्या वेळी हमखास निसटतो. भारतातील संस्थांसाठी सर्ट-इन या संगणक-सुरक्षेच्या सरकारी संस्थेने २८ एप्रिल २०२२ रोजी काढलेल्या निर्देशांनुसार घड्याळे राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र किंवा राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा यांच्या वेळेशी, किंवा त्यांच्याशी जुळणाऱ्या सर्व्हरशी, जुळवणे आणि लॉग १८० दिवस जपणे बंधनकारक आहे. प्रोमिथियसची मूळ १५ दिवसांची मुदत आणि हे १८० दिवस यांची गल्लत करू नये. पहिले आकड्यांविषयी आहे, दुसरे लॉगविषयी.

पुढील प्रकरणांकडे वळण्यापूर्वी वाचकाला एक विनंती आहे. चाचणीच्या यंत्रावर ही साखळी उभी करावी, देखरेखीच्या रोलचा पासवर्ड मुद्दाम बदलावा, उघडी कनेक्शन तोडावीत आणि 'पीजी-अप' शून्यावर आल्यापासून आपल्या मोबाइलवर इशारा येईपर्यंत किती वेळ लागतो तो मोजावा. इशारा आलाच नाही, तर आलेखांचे प्रकरण उघडण्याआधी ही प्रस्तावना पुन्हा वाचावी.